आधी राजीनामा नको : कुटुंबासह परदेशात धंदा थाटताना

नोकरी सोडून परदेशात स्वतःचा धंदा टाकतोय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती पैसे लागतील? आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. सात खोल्यांचं एक गेस्टहाउस, ते चालवणारे आम्ही नवराबायको आणि मूड असेल तर हाताशी येणारी दोन मुलं, एवढाच आमचा पसारा. पैसे कमी पडले म्हणून आमचे हाल झाले असं म्हणता येणार नाही. हाल झाले ते उलट्या क्रमानं चालल्यामुळे. राजीनामा आधी दिला, व्हिसाचे नियम नंतर वाचले. जागेच्या प्रेमात आधी पडलो, भाडेकरार नंतर उघडला. मुलांना तर सगळ्यात शेवटी सांगितलं.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. धंदा कोणता आणि देश कोणता हे तुमचं तुम्ही ठरवाल. पायऱ्या मात्र याच क्रमानं चढा, कारण प्रत्येक पायरीवर हातात येणारा कागद पुढच्या पायरीवर दाखवावा लागतो.

पायरी १ : घरातला होकार, वेगवेगळ्या कागदांवर

एकाला जायचंय आणि दुसरा ‘बघू’ म्हणाला, याला होकार म्हणत नाहीत. एक संध्याकाळ काढा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं वेगळ्या खोलीत बसून चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. काय मागे टाकायचंय म्हणून मला जायचंय? काय सुटलं तर मला सहन होणार नाही? धंद्यातलं कोणतं काम मी कधीच करणार नाही? आणि काय झालं तर परत यायचं? मग कागदांची अदलाबदल करायची आणि वाचून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला दोघांचंही उत्तर एकच निघालं : हिशेब. ते दुसरा बघेल असं दोघंही मनात धरून बसलो होतो. गेस्टहाउस सुरू व्हायला तेव्हा आठ महिने होते म्हणून निभावलं. अकाउंटंटची फी पहिल्याच अंदाजपत्रकात आली.

पुढचा कागद कामवाटपाचा. संसारात ‘दोघं मिळून ठरवू’ चालून जातं, पण पाइप फुटून जिन्यावरून पाणी वाहत असताना चालत नाही. खरेदी, माणसं, पैसे, गिऱ्हाईक, दुरुस्ती यांपैकी प्रत्येकात शेवटचा शब्द कोणाचा ते आधीच लिहून टाका. आणि दोघांनाही पगार लावा, कितीही लहान का असेना. घरचं माणूस फुकट राबतंय असं धरून काढलेला नफा फसवा असतो. त्या माणसाच्या जागी दुसरं कोणी ठेवायची वेळ आली की तो गायब होतो.

आईवडील किंवा भावंडं पैसे घालणार असतील तर ती मदत आहे, कर्ज आहे की भागीदारी? यातला एक शब्द लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. नात्यात वितुष्ट येऊ नये हे एक कारण झालंच, पण व्हिसाच्या अर्जातही पैसा कुठून आला हे दाखवावं लागतं, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

मुलांना खरंच विचारा, त्यांनाही एकेक कागद द्या, नुसतं जाहीर करू नका. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत शिकण्याची भाषा बदलणं फार जड जातं. त्या वयाचं मूल घरात असेल तर मी धंदाच दोन वर्षं पुढे ढकलेन. शिवाय ‘मुलं मदत करतील’ हे गृहीत धरू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३च्या करारात कामाचं किमान वय सर्वसाधारणपणे १५ आणि हलक्या कामासाठी १३ ठेवलं आहे. घरच्या धंद्यासाठी काही देश थोडी सवलत देतात, ती नेमकी किती हे वाचून घ्या. शाळेतून येऊन काउंटरवर बसलेला मुलगा तुम्हाला कौतुकाचा वाटेल, कामगार निरीक्षकाला वाटेलच असं नाही.

शेवटी परतीची रेघ आखा. त्यात एक रक्कम आणि एक तारीख हवी. शिल्लक या रकमेच्या खाली गेली, किंवा या तारखेला धंदा आपले पगार काढू शकला नाही, तर आवरतं घ्यायचं. ही रेघ निघायच्या आधी, डोकं थंड असतानाच आखली जाते.

पायरी २ : देश आवडण्याआधी त्याचा व्हिसा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. देश सुंदर असतो, माणसं चांगली असतात, जागा स्वस्त मिळत असते, पण तुमच्या धंद्याच्या जातीला तिथे व्हिसाच नसतो.

काही उदाहरणं देतो म्हणजे नियम किती वेगवेगळ्या दिशांनी आडवे येतात ते कळेल. ब्रिटनचा इनोव्हेटर फाउंडर व्हिसा २०२३मध्ये सुरू झाला. त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र लागतं, आणि कल्पना नवी, चालण्याजोगी आणि वाढू शकणारी असावी लागते. चालू दुकान विकत घेऊन तसंच चालवायचं असेल तर या दारावर थाप मारण्यात अर्थ नाही. अमेरिकेचा ई-२ व्हिसा नेमका अशा लहान धंद्यांना सोयीचा, पण तो अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. म्हणजे आधी पासपोर्टचा देश यादीत आहे का ते पाहायचं, धंद्याचं नंतर. त्यातही मुलांना आईवडिलांच्या आधारानं राहता येतं ते २१व्या वर्षापर्यंतच, आणि हा व्हिसा आपोआप कायमच्या वास्तव्याकडे नेत नाही. आज १४ वर्षांची असलेली मुलगी सात वर्षांनी काय करेल, हा प्रश्न अर्ज भरतानाच विचारायचा आहे.

जर्मनीत स्वयंरोजगारासाठी निवास कायद्याचं कलम २१ आहे. परवाना सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, आणि वयाची ४५ उलटली असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. चाळिशी ओलांडून नवं आयुष्य सुरू करायला निघालेल्यांना हे कलम नेमकं तिथेच गाठतं. थायलंडमध्ये १९९९च्या कायद्यानं बऱ्याच सेवा-व्यवसायांत परदेशी माणसाच्या बहुसंख्य मालकीवर निर्बंध आहेत, आणि एका परदेशी माणसाच्या कामाच्या परवान्यामागे सर्वसाधारणपणे २० लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी असावे लागतात. नवराबायको दोघांनी काम करायचं म्हटलं तर हे आकडे दुप्पट. नावापुरता स्थानिक भागीदार दाखवायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठा. तो गुन्हा आहे, आणि शिक्षा तुम्हाला होऊ शकते.

नियम बदलतातही, आणि अचानक. जपानच्या बिझनेस मॅनेजर व्हिसासाठी वर्षानुवर्षं ५० लाख येन भांडवल पुरत होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये ती अट ३ कोटी येनवर गेली आणि निदान एक पूर्णवेळ कर्मचारीही सक्तीचा झाला. म्हणून माहिती त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्यायची, पानाची प्रत काढायची आणि त्यावर तारीख टाकायची. कोणाच्या मावसभावाला तीन वर्षांपूर्वी काय विचारलं होतं, ते चहाच्या गप्पांपुरतं ठीक आहे.

कोणताही व्हिसा वाचताना कुटुंबाच्या नजरेनं वाचा. जोडीदाराला काम करायची मुभा आहे का, आणि ती आपल्याच धंद्यात आहे की दुसरीकडेही? नूतनीकरण कशावर अवलंबून आहे : नफा, नेमलेली माणसं की भरलेला कर? धंदा बुडाला तर देश सोडायला किती दिवस मिळतात? अर्ज एकाच्या नावावर असेल आणि तोच माणूस आजारी पडला, किंवा दोघं वेगळे झाले, तर बाकीच्यांच्या परवान्याचं काय? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. वकिलाला विचारून टाका, त्यांना सवय असते.

आणखी एक गैरसमज. पर्यटक म्हणून जाऊन ‘नुसती मदत’ करता येते असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक देशांत बिनपगारी मदतही कामच धरली जाते. जागा बघणं, वकिलाला भेटणं, विक्रेत्याशी बोलणं चालतं. गल्ल्यावर बसणं चालत नाही.

पायरी ३ : मंदीच्या दिवसांत जाऊन राहा

सुट्टीत पाहिलेली जागा म्हणजे लग्नाच्या मांडवात पाहिलेली माणसं. सगळे हसरे. धंद्यासाठी जागा बघायची तर जेव्हा कोणी येत नाही तेव्हा जा आणि निदान तीन आठवडे राहा. शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेवढ्यात हे आरामात होतं. जमलं तर सगळ्यांनी जा. हॉटेलात उतरू नका, भाड्याच्या खोलीत राहा, स्वतः कचरा टाका, बस पकडा, दवाखान्यात नाव कसं नोंदवतात ते विचारा, शाळेत जाऊन नव्यानं आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे तास आहेत का ते पाहा. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कोण असतं? तेच तुमचं गिऱ्हाईक, किंवा त्याचा अभाव.

भाषेबद्दल माझं मत जरा कडक आहे. युरोपात भाषेची पातळी ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात. ए२वर बाजारहाट होतो. भाडेकरार वाचायला, निरीक्षकाशी वाद घालायला आणि नळवाल्याला फोनवर नेमका बिघाड सांगायला बी१ तरी लागतं, बी२ असेल तर उत्तम. आम्ही दोघांनी बरोबरीनं अभ्यास सुरू केला आणि दोघंही ए२वर अडकलो. त्यापेक्षा एकानं पुढे निघून जायचं. घरात एक माणूस बी१वर आणि बाकीचे ए१वर असले तर धंदा चालतो; सगळे ए२वर असले तर सगळेच नुसते मान डोलवतात.

पायरी ४ : चालू धंदा घ्यायचा असेल तर चादरी मोजा

नवखं कुटुंब असेल तर मी चालू धंदा घ्यायच्या बाजूचा आहे. परवाने असतात, गिऱ्हाईक असतं, पुरवठादार ओळखीचे असतात. पण विक्रेत्याच्या तोंडच्या आकड्यावर एक पैसा ठेवू नका.

आमच्या विक्रेत्यानं सांगितलं होतं की मंदीतही अर्ध्याच्या वर खोल्या भरलेल्या असतात. आम्ही समोरच्या बाजूला खोली घेतली आणि रोज रात्री नऊ वाजता खिडक्यांतले दिवे मोजले. अकरा रात्री. सातपैकी सर्वांत जास्त तीन आणि चार रात्री एकही नाही. बाराव्या दिवशी आम्ही धोब्याकडची बिलं मागितली. विक्रेता गडबडला, पण द्यावी लागली. गेल्या वर्षी किती चादरी धुवायला गेल्या ते त्यात महिन्यागणिक लिहिलेलं होतं, आणि खोली भरली की चादर धुवावीच लागते. त्या आकड्यांवरून खरं उत्पन्न निघालं आणि त्यावरून आम्ही किंमत पाडून घेतली. हाच हिशेब दुसऱ्या धंद्यातही चालतो. खानावळ असेल तर गॅसचं आणि पाण्याचं बिल, दुकान असेल तर पिशव्यांची आणि बिलाच्या कागदी रोलची खरेदी. माणूस उलाढाल फुगवून सांगतो, पण त्यासाठी कोणी जादा गॅस जाळत नाही.

त्याखेरीज मागच्या तीन वर्षांची करखात्यात भरलेली विवरणपत्रं मागा. ‘कागदावर कमी दाखवलंय, खरं जास्त आहे’ असं उत्तर आलं तर कागदावरच्या आकड्याचीच किंमत द्या. करखात्याला खोटं सांगणारा तुम्हाला खरं सांगतोय हे मानायचं कारण नाही.

व्यवहार दोन तऱ्हांनी होतो. कंपनीचे शेअर घेतलेत तर तिची जुनी देणी, कोर्टकज्जे, थकलेला कर सगळं तुमच्याकडे येतं. नुसती मालमत्ता, नाव आणि साठा घेतलात तर मागचं बहुतेक मागेच राहतं. बहुतेक म्हणतो, कारण कामगारांचं तसं नाही. युरोपीय संघात २००१च्या निर्देशानुसार आणि ब्रिटनमध्ये २००६च्या नियमांनुसार धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तरी नोकरांची नोकरी जुन्याच अटींवर आणि जुन्या सेवेसकट चालू राहते. बारा वर्षं काम केलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात काढायचं म्हटलं तर बारा वर्षांची भरपाई नव्या मालकाकडून जाईल.

परवाना माणसाच्या नावावर आहे की जागेच्या, हे तपासा. माणसाच्या नावावर असेल तर तो विक्रेत्याबरोबर निघून जातो. आणि त्यानं अमुक वर्षं, अमुक अंतरात तोच धंदा पुन्हा काढू नये हे कलम करारात घाला.

पायरी ५ : दाखले गोळा करा

कंटाळवाणं काम आहे, पण इथेच सर्वांत जास्त महिने जातात. प्रत्येकाचा जन्मदाखला, विवाहाचं प्रमाणपत्र, पदव्या, पोलिसांचा चारित्र्यदाखला, मुलांचे शाळेचे आणि लसीकरणाचे कागद. दुसऱ्या देशात हे चालायला त्यावर अपोस्टिल लागतं, म्हणजे मूळ देशातल्या अधिकृत कार्यालयानं ‘हा सही-शिक्का खरा आहे’ असं दिलेलं प्रमाणपत्र. ही पद्धत १९६१च्या हेग करारानं आली. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४पासून लागू झाला, त्यामुळे तिथलं काम पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ जास्त.

अपोस्टिल सही-शिक्क्याचं असतं, मजकुराचं नाही. म्हणून आधी सगळ्या कागदांवरची नावं एकमेकांशी ताडून बघा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, वडिलांचं नाव मधे आलेलं आणि न आलेलं, स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे. परदेशी कारकुनाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं असतात. आधी दुरुस्ती, मग अपोस्टिल, मग त्या देशाला मान्य असलेल्या अनुवादकाकडून भाषांतर. चारित्र्यदाखला शेवटी काढा, कारण तो काही महिन्यांतच शिळा होतो.

मागे राहिलेल्या कामांसाठी विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या, पण कोणत्या कामापुरतं आणि कोणत्या तारखेपर्यंत हे त्यात स्पष्ट लिहा. अमर्याद मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये.

पायरी ६ : पैशांचे दोन डबे

एक डबा धंद्याचा, दुसरा घराचा, आणि दोघांची खाती वेगळी. धंद्याच्या डब्यात जागेची अनामत, सामान, परवाने आणि खेळतं भांडवल. घराच्या डब्यात धंद्यातून एकही पैसा न येता वर्षभर राहता येईल एवढी रक्कम. हंगामी धंदा असेल तर दीड वर्षाची. दुसऱ्या डब्याला हात लावायचा मोह पहिल्या मंदीत होतो, म्हणून दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय करा. विमानाचं परतीचं भाडं याच डब्यात.

अंदाजपत्रक करताना विक्री अर्धी आणि वेळ दुप्पट धरून एकदा हिशेब करून बघा. तरीही वर्ष निघत असेल तर पुढे जा. काही देशांत स्वयंरोजगार करणाऱ्याला सामाजिक सुरक्षेचा हप्ता दरमहा भरावाच लागतो, त्या महिन्यात गिऱ्हाईक आलं असो वा नसो. तो आकडा आधी शोधा. आरोग्यविम्याचंही तसंच. स्वित्झर्लंडमध्ये राहायला आल्यापासून तीन महिन्यांत तो घेणं सक्तीचं आहे.

कराबद्दल एवढं तरी माहीत हवं. पुष्कळ देशांत वर्षाकाठी १८३ दिवस राहिलं की तुम्ही तिथले करनिवासी, म्हणजे तिथे कर भरायला बांधील, ठरता, पण याचा अर्थ जुना देश तुम्हाला आपोआप सोडतो असा नाही. दोन्ही देश हक्क सांगू लागले आणि त्यांच्यात दुहेरी करआकारणी टाळणारा करार असला, तर बहुतेक करारांत क्रम असा असतो : कायमचं घर कुठे, आयुष्याचं केंद्र कुठे, नेहमीचं वास्तव्य कुठे आणि शेवटी नागरिकत्व. जुनं घर रिकामं ठेवून, मुलांना तिथल्याच शाळेत ठेवून ‘आम्ही गेलो’ म्हणता येत नाही. अमेरिका तर आपल्या नागरिकांकडून ते कुठेही राहिले तरी विवरणपत्र मागते. आणि बाहेरचं खातं कोणाला कळणार आहे, या भ्रमात राहू नका. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेनं २०१४मध्ये आणलेल्या व्यवस्थेनुसार शंभराहून अधिक देशांच्या करखात्यांमध्ये बँक खात्यांची माहिती दरवर्षी परस्पर पोचते. दोन्ही बाजूंचे नियम कळणाऱ्या अकाउंटंटला निघण्याआधी तासाभराची फी द्या, नंतर दिवसांच्या हिशेबानं द्यावी लागते.

पायरी ७ : भाडेकरार, व्हिसा, आणि मग राजीनामा

इथे एक पेच येतो. व्हिसा अधिकारी म्हणतो, जागा आणि गुंतवणूक दाखवा. तुम्ही म्हणता, व्हिसा मिळाल्याशिवाय पैसे कसे अडकवू? ई-२ व्हिसाच्या बाबतीत तर पैसा खरोखर धोक्यात घातलेला असावा अशीच अपेक्षा असते. यातून वाट काढतात ती सशर्त कराराची. व्हिसा नाकारला गेला तर करार रद्द आणि अनामत परत, हे कलम लिहून घ्यायचं आणि रक्कम त्रयस्थाकडे, वकिलाच्या किंवा एस्क्रो खात्यात ठेवायची. व्हिसा मिळाला की ती विक्रेत्याकडे जाते. असं कलम घालायला मालक तयार नसेल तर दुसरी जागा बघा, कितीही आवडलेली असली तरी.

भाडेकरार दोनदा वाचा, एकदा वकिलाबरोबर आणि एकदा एकटे. सुटायची वाट कधी आहे? फ्रान्समधला व्यापारी भाडेकरार नऊ वर्षांचा असतो आणि भाडेकरूला सर्वसाधारणपणे दर तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. सगळीकडे एवढी सोय नसते. मालक वैयक्तिक हमी मागतो का? कंपनी स्थापन करून जबाबदारी मर्यादित केली आणि मग भाड्याला स्वतःची हमी लिहून दिली, तर त्या मर्यादेला अर्थ उरला नाही. भाडं दरवर्षी कशाच्या प्रमाणात वाढतं? आणि दुरुस्ती कोणाची?

हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात, तीन खोल्यांत पाहुणे असताना पहाटे बॉयलर बंद पडला. मी मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, पान अकरा बघा. पान अकरावर एका ओळीत लिहिलं होतं की तापवण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती आणि गरज पडल्यास बदल भाडेकरूनं करायचा. खाली माझीच सही. नवा बॉयलर घराच्या डब्यातून आला आणि परतीची रेघ चार महिन्यांनी जवळ सरकली.

व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसला, सशर्त करार पक्का झाला, मुलांना शाळेत जागा मिळाल्याचं पत्र आलं. आता राजीनामा लिहा. त्याआधी बिनपगारी दीर्घ रजा मिळते का ते विचारा. ‘नाही’ म्हटलं तर गमावण्यासारखं काही नाही. घर विकू नका, भाड्यानं द्या. पहिल्या दोन वर्षांत विकलेलं घर परत घेता येत नाही, आणि घर विकलं की माणूस परतीची रेघ ओलांडूनही हट्टानं बसून राहतो. मात्र करनिवासाच्या वर सांगितलेल्या कसोट्या आहेत, म्हणून घर रिकामं ठेवण्यापेक्षा खरोखर भाड्यानं दिलेलं बरं.

पायरी ८ : पहिलं वर्ष

पहिले तीन महिने काहीही बदलू नका. पडद्यांचा रंगसुद्धा नाही. जुनं गिऱ्हाईक काय पाहून येतं ते तुम्हाला अजून माहीत नाही.

दर आठवड्याला पुढच्या तेरा आठवड्यांची रोकड मांडा : काय येणार, काय जाणार, कोणत्या आठवड्यात खड्डा आहे. नफातोट्याचा ताळेबंद अकाउंटंट करेल, पण पगाराच्या दिवशी खात्यात पैसे आहेत की नाहीत हे याच तक्त्यात दिसतं. आठवड्यातला एक दिवस धंदा बंद ठेवा. परवडत नाही म्हणाल, आम्हीही म्हणायचो. पाचव्या महिन्यात आम्ही दोघं पाहुण्यांशी गोड आणि एकमेकांशी फक्त किल्ल्यांबद्दल बोलत होतो, तेव्हा सोमवार बंद ठेवायला लागलो.

चौथ्या ते आठव्या महिन्यात घरात कोणीतरी कोसळतं. नवलाई ओसरलेली असते आणि ओळखी अजून जमलेल्या नसतात. आमच्याकडे ती पाळी थोरल्या मुलाची होती. तो शाळेत एक शब्द बोलत नव्हता. आम्ही भाषेची शिकवणी आणखी वाढवली. उपयोग झाला तो गावातल्या पोहण्याच्या क्लबचा, कारण पाण्यात बोलावं लागत नाही. मुलांना आणि स्वतःलाही भाषा न लागणारी एक जागा शोधून द्या.

चालकपरवाना विसरू नका. आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यांसाठी असतो. तिथे राहायला लागलात की ठरावीक मुदतीत स्थानिक परवाना घ्यावा लागतो, नाहीतर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

परतीच्या रेघेच्या तारखेला धंद्याला सुट्टी ठेवा आणि सगळ्यांनी टेबलाभोवती बसा, ते चार प्रश्नांचे जुने कागद घेऊन. आमची ती तारीख अठराव्या महिन्यात होती. शिल्लक धाकटीनं मोजली, कारण तिला हिशेब आवडतो आणि आम्हा दोघांना तो अजूनही आवडत नाही. रेघेच्या वर दोन महिन्यांचा खर्च उरला होता. तिनं तिचा जुना कागद वाचून दाखवला, त्यावर ‘मला सायकल हवी’ एवढंच होतं. सायकल मिळाली होती. थोरल्यानं आणखी सहा महिने बघू म्हटलं. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि दुसऱ्या दिवशी चार खोल्या भरणार होत्या म्हणून चादरी मोजायला घेतल्या.